अर्धं जुनं पाणी

रीता शेंडे चंद्रपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी, बाबुलालने, गावात सोपं करून सांगितलं, "पोरगी मास्तरीन झाली, पन मोठ्याल्या पोराइची." पुढे ती पीएच.डी. करायला लागल्यावर मात्र त्याची पंचाईत झाली. रक्ताचा कर्करोग, त्याच्या पेशी, त्या पेशी ऑक्सिजन किती पितात, हे मार्कंड्याच्या खालच्या अंगाला वैनगंगेकाठी मासे धरणाऱ्या माणसाने कुणाला आणि कसं सांगावं? कुणी विचारलंच तर "काचेच्या बाटल्याइत काहीतरी जित्तं पोसून राह्यली" एवढं म्हणून तो विडी पेटवायचा.

कर्करोगावर काम करणाऱ्याच्या घरात कुणी ना कुणी त्या रोगाने गेलेलंच असणार, असं लोकांना उगाच वाटतं. रीताच्या घरात कुणी गेलेलं नव्हतं. तिचे मार्गदर्शक येलमुले सर यांना त्या विषयासाठी थोडं अनुदान मिळालं होतं, आणि सगळ्या विभागात उंदीर हातात धरताना किंचाळत नाही अशी ती एकटीच होती. विषय असेच पदरात पडतात. पण पडल्यावर तिने तो सोडला नाही, यात तिचं सगळं वेगळेपण आलं.

विषय समजायला अवघड नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे ल्युकेमियाच्या, पेशी हाडाच्या पोकळीत, मज्जेत वाढतात. औषध दिलं की रक्तातल्या पटापट मरतात, पण मज्जेत दडून बसलेल्या काही जगतात आणि बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडतो. आता गंमत बघा. ही औषधं जिथे तपासली जात, तिथे या पेशी मज्जेत नसायच्याच. स्वच्छ बाटलीत, स्वच्छ द्रावणात, एकट्या पोसलेल्या असायच्या. अशा पेशी साखर अर्धवट जाळतात आणि ऑक्सिजनला फारसं तोंड लावत नाहीत, असं पुस्तकात छापलेलं होतं. रीताने तेच पुन्हा मोजायचं आणि पुस्तक बरोबर आहे असं लिहून पदवी घ्यायची, इतकं सरळ काम होतं ते.

घोटाळा झाला तो तिच्या हाताच्या सवयीने, आणि ती सवय लागली होती मुलचेऱ्याच्या वाटेवर.

बाबुलाल दरवर्षी मुलचेऱ्याकडच्या बंगाली लोकांकडून गावतळ्यात सोडायला माशांचं बी आणायचा. बी म्हणजे नखाएवढी पिल्लं. ॲल्युमिनियमच्या हंड्यात ती घ्यायची आणि वाटभर पाण्यावर हाताने थापा मारत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. वाटेत पाणी बदलायचं तर अर्धंच बदलायचं, अर्धं जुनं ठेवायचं, आणि हंड्याच्या बुडाला हात लावायचा नाही, असा नेम होता. लहानपणी एकदा रीताने शहाणपणा केला. पाणी घाण झालंय म्हणून बाप विडीला बसल्यावर तिने पिल्लं ओंजळीने काढून सगळं पाणी ओतलं, हंडा राखेने लख्ख घासला आणि विहिरीचं गार पाणी भरून त्यात ती सोडली. घरी पोचेपर्यंत सगळी पांढरी पोटं वर करून तरंगत होती. तिच्या आईने, गोकुळाने, तिला असं काही झोडपलं की शेजारणी सोडवायला आल्या. तेव्हापासून जिवंत असलेल्या कशाचंही पाणी पुरतं ओतून द्यायला तिचा हात धजत नसे.

प्रयोगशाळेतली रीत नेमकी उलटी होती. ल्युकेमिया झालेल्या उंदराच्या मांडीच्या हाडातून मज्जा काढायची, ती पोषक द्रावणाच्या बाटलीत ठेवायची. रोगट पेशी वर तरंगतात. मज्जेला आधार देणाऱ्या पेशी बुडाला चिकटून ऐसपैस पसरतात. तरंगणाऱ्या उचलायच्या, खळखळून धुवायच्या, कोऱ्या बाटलीत टाकायच्या आणि जुनी बाटली बुडासकट फेकून द्यायची. रीताने निम्म्या बाटल्यांचं तसं केलं. उरलेल्या निम्म्या बाटल्यांशी आली तेव्हा ती दमलेली होती, लक्ष दुसरीकडे होतं, आणि तिच्या हाताने तिला न विचारता वरचं अर्धं द्रावण काढलं, अर्धं ताजं घातलं, बूड तसंच ठेवलं.

चूक लक्षात आली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. पण टाकवेनात म्हणून मोजून पाहिल्या, आणि यंत्राचा काटा पाहून चक्रावली. गाळावरच्या पेशी धुतलेल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन पीत होत्या. बुडाच्या त्या थराला ती गाळच म्हणायची. मग दोन्हींना औषध घातलं, तर धुतलेल्या पेशी ज्याने सपाट झाल्या, ते पचवून या मजेत पोहत होत्या.

"बाटली खराब झाली तुझी," येलमुले सर म्हणाले. "काढून टाक ते आकडे. काऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतं?"

तिने काढले नाहीत. ते घेऊन ती नागपूरच्या परिसंवादाला गेली आणि तोंडावर आपटली. "मॅडम, तुम्ही बुडाच्या पेशींनी प्यालेला ऑक्सिजनही यांच्याच नावावर मांडलाय," असं एक गृहस्थ हसत हसत म्हणाले आणि सगळं सभागृह त्यांच्याबरोबर हसलं. रीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या बसमध्ये ती वरोऱ्यापर्यंत रडली. वरोऱ्याला चहा प्यायल्यावर तिला राग आला, आणि राग आल्यावर डोकं चालायला लागलं. तो माणूस हसला ते वाईट, पण बोलला ते खरंच होतं.

मग तिने चंग बांधला. गाळाला धक्का न लावता फक्त तरंगणाऱ्या पेशी उचलायच्या आणि तेवढ्याच मोजायच्या. तरी त्या जास्तच पीत होत्या. त्यांना कोऱ्या बाटलीत एकटं ठेवलं की त्यांचं पिणं हळूहळू उतरायचं. त्याच पेशी पुन्हा गाळावर सोडल्या की चढायचं. काढल्या की उतरायचं, टाकल्या की चढायचं. मज्जा त्यांना काहीतरी शिकवत होती, देत होती, आणि त्याच्या जोरावर त्या औषधाला पुरून उरत होत्या. रीताला हे दिसत होतं. पण तिच्याखेरीज कुणीच ते पाहायला तयार नव्हतं, आणि विद्यापीठाचं पत्र आलं की बाहेरची तज्ज्ञ व्यक्ती येऊन प्रयोग प्रत्यक्ष पाहील. त्यांचं समाधान झालं नाही तर नोंदणी रद्द होईल आणि सरांचं अनुदानही परत जाईल.

ती व्यक्ती म्हणजे मुंबईच्या डॉ. निर्मला चौबळ. दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात त्या चंद्रपूरला उतरल्या. मे महिन्यातलं चंद्रपूर म्हणजे भट्टीच. बाईंनी आल्या आल्या तीन पेले पाणी संपवलं, पंख्याखालची खुर्ची धरली आणि स्पष्टच सांगितलं, "मी तुमचा अहवाल वाचलाय. मला पटलेला नाही. संध्याकाळच्या गाडीने मला परत जायचंय. दाखवा काय दाखवायचंय ते."

बाहेर व्हरांड्यात बाबुलालही येऊन बसला होता. पोरीची परीक्षा आहे एवढं त्याला कळलं होतं, म्हणून सरांसाठी पळसाच्या पानांत बांधून एक भला मोठा रोहू घेऊन तो पहाटेच्या गाडीने आला होता. मासा चौकीदाराच्या माठाशेजारी सावलीत ठेवून दोघं गप्पा हाणत होते.

रीताने ऑक्सिजन मोजायचं यंत्र सुरू केलं. काटा थरथरला, वर चढला, आणि पंखा, दिवा, यंत्र सगळं एकदम बंद पडलं. भारनियमनाची वेळ दुपारची होती. ही त्याशिवायची, वरकड. खिडकीतून औष्णिक वीज केंद्राची धुराडी धूर ओकताना दिसत होती. अर्ध्या महाराष्ट्राला वीज इथून जाते आणि चंद्रपूरकर पुठ्ठ्याने वारा घेतात, हे आम्हाला नवं नाही, पण त्या घटकेला येलमुले सरांच्या तोंडचं पाणी पळालं. इन्व्हर्टर दोन शिट्ट्या मारून गप्प झाला.

"कधी येईल?" चौबळ बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाई, मॅडम," सर घाम पुसत म्हणाले. "पाच मिनिटात येईल, नाई तर सांजच्याले."

"मग मी जे पाहिलं ते लिहीन. म्हणजे काहीच नाही." बाईंच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं.

रीता यंत्राकडे पाहत उभी होती. एवढ्या महिन्यांचं काम, ते रडणं, ती जिद्द, सगळं एका तारेवर लटकलेलं. तिला भयंकर राग आला, आणि रागात तिचं डोकं चालायचं हे आपण पाहिलंच आहे.

"मॅडम, विजेशिवाय मोजू," ती म्हणाली. "बी.एस्सी.च्या पोरांना आम्ही तलावाच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायला शिकवतो. बाटली, दोन रसायनं आणि डोळे. एवढंच लागतं."

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पाहुण्यांना कालची भाकरी वाढली. पण शेजारच्या रसायनशास्त्र विभागातली तबस्सुम दारातच उभी होती. ती रीताची जिवाभावाची मैत्रीण. "माह्याजवळ सगळं तयार आहे," ती म्हणाली. "प्रॅक्टिकलचं उरलं आहे. आनू का?" आणि उत्तराची वाट न बघता ती पळालीसुद्धा.

पद्धत सगळ्यांना समजेल अशी आहे. साध्या खारट पाण्यात थोडी साखर घालायची, त्यात मोजून सारख्याच पेशी सोडायच्या, बुडबुडा न राहता काचेचं बूच लावायचं आणि काही वेळ पिऊ द्यायचं. मग रसायनं घालायची. पाण्यात ऑक्सिजन उरलेला असेल तर तपकिरी साका बसतो. पेशींनी तो पिऊन टाकला असेल तर साका पांढरा राहतो. शरीराच्या उबेसाठी यंत्र लागलं असतं, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात बादलीतल्या पाण्यालाच ताप भरलेला होता. पेशी धुवायला हाताने फिरवायचं जुनं यंत्र कपाटावर होतं. सूक्ष्मदर्शक आरशाचा होता, त्याला खिडकी पुरली.

चौबळ बाई पहिल्यांदाच खुर्चीवरून उठल्या. "ठीक. पण बाटल्या मी भरणार. तुम्ही सगळे बाहेर. कुठल्या बाटलीत काय आहे ते मलाच माहीत असेल. रंग बघून तुम्ही सांगायचं."

कपाटात रीताच्या बाटल्या ओळीने होत्या. कोऱ्या, गाळाच्या, आणि कडेला चिठ्ठ्या लावून वेगळ्या ठेवलेल्या काही. बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक थेंब पाहिला. बुडाच्या लांबट, पाय पसरलेल्या पेशी वर आलेल्या नाहीत ना, याची खात्री केली. नागपूरच्या हसण्याला तिथेच उत्तर मिळालं, पण ते रीताला कळायला मार्ग नव्हता. ती व्हरांड्यात बापाशेजारी बसली होती.

"काय होऊन राह्यलं आत?" बाबुलालने विचारलं.

"माह्यं खरं का खोटं ते पाहून राह्यले, बा."

"तू खोटं कायले बोलशीन?" तो म्हणाला, आणि त्याच्या मते विषय संपला.

आत बोलावलं तेव्हा टेबलावर सहा छोट्या बाटल्या होत्या, बुचावर बाईंच्या अक्षरात फक्त खुणा. तबस्सुमने रसायनं घातली. साका ढगासारखा खाली उतरू लागला. दोन बाटल्या तपकिरी झाल्या, चांगल्या चहासारख्या. तीन दुधासारख्या पांढऱ्या राहिल्या. रीता टेबलावर वाकली. हेच ती वर्षभर सांगत होती, आणि आता ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं!

पण सहावी बाटली ना धड पांढरी ना धड तपकिरी. मळकट, सायीच्या रंगाची.

येलमुले सरांनी बाईंच्या पाठीमागून तीन बोटं वर केली आणि डोळे मोठे केले. अर्थ सरळ होता. तीन आणि तीन. कुणीही तज्ज्ञ निम्म्या-निम्म्याच भरणार. सहावीला तपकिरीत ढकल आणि मोकळी हो. तबस्सुमनेही मान हलवली. हिशेब मनाला पटणारा होता. रीताच्या ओठांवर "तीन" आलंही होतं. एक चुकलं तर बाई म्हणणार, अंदाजपंचे चाललंय, आणि सगळं मुसळ केरात.

"मला ही शेवटपर्यंत करून बघू द्या," रीता म्हणाली.

तिने बाटल्यांत आम्ल सोडलं. साका विरघळून पाणी पिवळं झालं, काहींत गडद, काहींत जेमतेम. पिठाचं पाणी टाकताच निळा रंग आला. मग निळा रंग खाणाऱ्या हायपोच्या द्रावणाचे थेंब नळीतून सोडत, रंग पुरता जाईपर्यंत ती ते मोजत गेली; ऑक्सिजन जितका जास्त उरलेला, तितके थेंब जास्त. तपकिरी बाटल्यांनी भरपूर थेंब खाल्ले. पांढऱ्या तीन चटकन निवळल्या. मळकट बाटली त्यांच्याहून थोडंसंच जास्त घेऊन निवळली. तपकिरीच्या ती आसपासही नव्हती. रीताने बाटली खिडकीशी धरून पाहिली. सरांकडे तिने पाहिलंच नाही.

"चार," ती म्हणाली. "दोन कोऱ्या बाटलीतल्या. चार गाळावरच्या."

सरांनी डोळे मिटून घेतले. चौबळ बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "तुम्हाला नक्की वाटतं? मी निम्म्या-निम्म्या भरल्या असतील, हा विचार केलात?"

"केला," रीता म्हणाली. "पण मी तुम्हाला ओळखायला बसले नाही मॅडम, पेशींना ओळखायला बसलेय. ही चौथी गाळावरचीच आहे, पण जुनी नाही. ही एकटी ठेवलेली होती आणि नुकतीच परत गाळावर आलीय. हिचं पिणं अजून चढतंय. त्या कडेच्या बाटलीतून घेतलीत तुम्ही."

चौबळ बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला, स्वतःच उलगडला आणि टेबलावर सरळ केला. चार होत्या. आणि चौथीपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, परत टाकलेली.

"ही मी फसवायला ठेवली होती," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, घाम पुसला आणि पहिल्यांदाच हसल्या. "पेशींबरोबर माझंही मत आज धुवून निघालं म्हणायचं. शेंडे, मी इथे नाही म्हणायला आले होते. माझा अर्धा अहवाल गाडीतच लिहून झालाय. तो मी आता फाडणार. आम्ही मुंबईत इतकी वर्षं धुतलेल्या पेशींवर औषधं तपासतोय आणि रोग परत का येतो म्हणून डोकं धरतोय. घरातून उचलून आणलेल्या माणसावरून तो घरात कसा वागतो ते ठरवतोय आम्ही! प्रबंध लिहायला घ्या. आणि तुमचं हे काम मला माझ्या प्रयोगशाळेत करून बघायचंय, तुम्ही येऊन शिकवणार असाल तर."

येलमुले सर धप्पकन स्टुलावर बसले. मग उठले, रीताचा हात दोन्ही हातांत धरला आणि बाईंच्या देखत म्हणाले, "मी हिले हे आकडे काढून टाक म्हनलो होतो, मॅडम. हिनं ऐकलं नाई, म्हनून वाचलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायची त्यांना लाज वाटली नाही. तबस्सुमने रीताला अशी मिठी मारली की हायपोची नळी आडवी होता होता राहिली.

रीता बाहेर पळाली. या विभागात इतकी वर्षं ती हळू बोलली, हळू चालली, नागपूरच्या त्या हसण्यानंतर तर मान खाली घालूनच वावरली. आज ती व्हरांड्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, "बा! मी चार म्हनलं, अन् चारच निघाल्या!"

बाबुलाल ताडकन उठला. चार काय, कशाच्या, कुठल्या, त्याने विचारलं नाही. पोरीचा चेहरा त्याला पुरेसा होता. त्याने चौकीदाराचा खांदा गदागदा हलवला आणि छाती फुगवून, वर्गावर्गातून पोरं डोकावतील इतक्या मोठ्याने सांगितलं, "ऐकलं का भाऊ? माह्या पोरीनं चार सांगतल्या, अन् चारच निघाल्या!"